कनेक्टिंग रॉडवरचं हळदीकुंकू

माझा राग अजून गेलेला नाही. माणसांसमोर मला बोलता येत नाही, जीभ जड होते. म्हणून लिहिते. भावाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, त्यामुळे इथे त्याची भीती नाही.

आमचं वर्कशॉप मलकपेठला, घराच्या मागच्या शेडमध्ये. नवरा इंजिनं बांधतो. धुणं-पुसणं आणि बेअरिंगचे शेल, म्हणजे धातूच्या पातळ अर्धगोल पट्ट्या, बसवणं माझ्याकडे, कारण त्यांची बोटं जाड आहेत आणि धीर कमी. लग्न झाल्यापासून हे काम मी करते. बाहेर मात्र कोणी विचारलं तर ते सांगतात, "ती चहापाणी बघते."

माझा धाकटा भाऊ शर्यतीत गाडी पळवतो. लहान सिलिंडरचं जुनं इंजिन, त्यात त्याला अल्युमिनियमचे कनेक्टिंग रॉड घालायचे होते. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे खालच्या फिरत्या आसाशी, जोडणारा दांडा म्हणजे रॉड. अल्युमिनियमचा रॉड हलका, म्हणून इंजिन लवकर फिरतं. पण तो लोखंडी रॉडपेक्षा जाड असतो. इंजिनाच्या धडाच्या, म्हणजे ब्लॉकच्या, खालच्या काठाला तो घासत होता. नवऱ्याने काठ ग्राइंडरने थोडा थोडा उतरवला आणि प्रत्येक वेळी मी हाताने क्रँक फिरवून बघितला. नुसता मोकळा फिरून चालत नाही. अल्युमिनियम तापलं की जास्त फुगतं, म्हणून त्याला आणखी जागा सोडावी लागते. हे मला त्यांनीच शिकवलं, आणि चांगलं शिकवलं.

मग मी सगळं धुतलं. ब्लॉकमधला कीस काढताना माझी नखं काळी झाली. रॉड पेट्रोलने धुऊन, वाऱ्याने सुकवून, स्टीलच्या ताटात स्वच्छ कपड्यावर मांडले. शेल रॉडच्या ज्या गोल बैठकीत बसतो, तिथे काही म्हणजे काही असून चालत नाही. शेलच्या मागे कण राहिला तर शेल उचलला जातो, तेलाला जागा उरत नाही, तो तापून क्रँकला धरतो. मग रॉड तुटतो. तुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलेला मी पाहिला आहे. त्या भोकातून माझी मूठ आत गेली होती.

आमच्याकडे इंजिन जोडून बंद करायच्या आधी त्याची पूजा होते. ब्लॉकला बाहेरून हळदीकुंकवाचं एक बोट लावायचं, बस. त्या दिवशी भाऊ मित्रांना घेऊन आला होता, फोनवर शूटिंग चाललं होतं. मी चहा घेऊन बाहेर आले तर सासूबाईंनी ताटातल्या रॉडांनाच हळदीकुंकू लावलेलं, बैठकीच्या आतसुद्धा. ओलं, ठसठशीत. चांदीसारखे दिसतात म्हणून त्यांना हौस आली. नवऱ्याने अंगठ्याने पुसल्यासारखं केलं आणि शेल दाबायला घेतले. माझं काम, आज कॅमेरा होता म्हणून त्यांचं झालं.

"अहो, एकदा धुवून घेते," मी म्हटलं.

"मुहूर्त टळेल."

"अगं, हळदीनं कुणाचं वाईट झालंय?" सासूबाई म्हणाल्या.

भाऊ हसला. "अक्का, तू चहा बघ ना. टेन्शन कायकू?"

त्याचा एक मित्र म्हणाला, "आपा, फिकर नक्को करो, भाई की गाडी उडती."

सगळे हसले. मी आत गेले. आई आजारी पडली तेव्हा मला चौथीतून काढलं ते या भावाला सांभाळायला. याच्या नाकाला फडकं मी लावलं. आणि हा माणसांसमोर मला चहा बघायला सांगतो. ओट्यापाशी उभी होते. बाहेरून बोल्ट आवळल्याचा आवाज आला आणि मला ब्लॉकमधलं ते मुठीएवढं भोक दिसलं.

मी बाहेर आले, इंजिनाशी बसले आणि पान्याने रॉडचे बोल्ट सोडायला लागले.

"काय चाललंय हे?" नवरा ओरडला.

"शुभ कामात मोडता घातला," सासूबाई.

"अक्का, ऊठ. माझं इंजिन आहे ते."

"तुझंच आहे. म्हणूनच उघडते."

माझा आवाज एवढा मोठा निघाला की फोन धरलेला मित्र मागे सरकला.

सगळे शेल काढले. एकाच्या मागे पिवळट लाल थर होता. बाकीचे स्वच्छ होते. नवऱ्याने तो शेल उजेडात धरला, बोटाने चोळला आणि ते म्हणाले, "एवढ्यानं काही झालं नसतं." नसेल झालं. मला ते करून बघायचं नव्हतं.

मुहूर्त टळला. दुसऱ्या दिवशी अमावस्या, त्या दिवशी सासूबाई इंजिन जोडू देत नाहीत. शर्यत हुकली. भाऊ न जेवता गेला. घरात सगळ्यांनी मला दोष दिला. रॉडला हळद फासणाऱ्याला कोणी काही बोललं नाही. अमावस्या सरल्यावर मीच सगळं पुन्हा धुतलं, मीच शेल बसवले. भाऊ इंजिन घेऊन गेला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या शर्यतीनंतर त्याचा फोन नवऱ्याला आला. स्पीकर चालू होता.

"दाजी, काय पळाली गाडी! तुमच्या हाताला तोड नाही."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"अक्का अजून फुगलीय का?"

नवऱ्याने फोन माझ्यापुढे धरला.

"हौ, फुगलीय," मी म्हटलं आणि फोन बंद केला.