निळा डाग

नल्लकुंट्याच्या घरातला माळा आवरताना बाबांच्या गळाचं रीळ हाती लागलं आणि त्याच्या खारट, गंजक्या वासानं मला थेट विशाखापट्टणमच्या समुद्रात नेलं. बाबांची सगळी नोकरी सिकंदराबादला रेल्वेत झाली, गळ टाकले ते तलावांत. पण समुद्रातला एक तरी मोठा मासा धरायचा, हे त्यांच्या मनात होतं. पोटाच्या दुखण्यानं ते खंगत चालले होते, मोठी तपासणी आठवड्यावर होती, म्हणून मीच घाई केली. जायच्या आधी ते मोबाईलवर समुद्राच्या तापमानाचा उपग्रहाचा नकाशा बघत बसायचे. गरम लाल पाण्याला थंड निळं पाणी जिथं भिडतं तिथं प्रवाहानं बारके मासे गोळा होतात, त्यांच्यामागं मोठे येतात, हे त्यांनी मला दहादा सांगितलं होतं. भाड्याच्या बोटीतून तीन तास ओकत आम्ही नकाशातल्या निळ्या डागाच्या काठाशी पोचलो, तर पाणी सगळीकडे सारखंच कोमट. बाबा पुन्हा पुन्हा हात बुडवून बघत राहिले. गळाला दुपारपर्यंत काही लागलं नाही. शेवटी बोटवाल्यानं मोबाईल मागून घेतला, नकाशा बघितला आणि हळूच म्हणाला, "मब्बु, सार." ढग. ढग आड आला की उपग्रहाला तोच थंड पाण्यासारखा निळा दिसतो, हे तलावांवर वाढलेल्या आम्हाला कुठून ठाऊक असणार? बाबांनी दोरा गुंडाळला. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी पडद्यावर त्यांच्या यकृतातला डाग दाखवला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "हा ढग तर नाही ना गं?" डॉक्टरांना काहीच कळलं नाही. मला कळलं होतं, आणि मी तेव्हा पडद्याकडेच बघत राहिले. रीळ मी पुन्हा माळ्यावर टाकलं.