साहेबी टबातलं झऱ्याचं पाणी
परवा नातीच्या खरजेला गंधकाचं मलम लावलं आणि त्या वासानं मला कोकणातलं ते इंग्रजांच्या वेळचं हॉटेल आठवलं बघा. उंच छत, लांब व्हरांडा, न्हाणीघरात चिनी मातीचा टब. नळ सोडला की गरम झऱ्याचं पाणी थेट त्यात यायचं. साखरेच्या आजारानं आमच्या मालकांच्या पायाची जखम भरत नव्हती, म्हणून मंद्रूपहून एवढ्या लांब गेलो. तिथल्या बाईनं बजावलं, रोग्याच्या आधी दुसऱ्यानं पाण्यात हात घालायचा नाही, गुण जातो. मग मी कशाला घालते? यांनी पाण्यात पाय सोडल्यावर मी विचारलं, "लई गरम हाय का वो?" "कुटं गरम, कोमट हाय की. सोड अजून, देवाच्या पाण्याला हात आखडू नगं." मी हसत नळ पुरता सोडला. अर्ध्या तासानं पाय वर काढला, तर कातडी सुटून पाण्यात तरंगत होती, आणि हे मलाच म्हणाले, "काय बघतीस?" सोलापुरात पाय गुडघ्याखाली कापला. डॉक्टरांनी विचारलं, पायाची जाणीव कधीच गेली होती, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? आलं होतं की. चप्पल निसटून मागं राहायची, हे तसेच पुढं चालायचे, आणि आम्ही सगळे हसायचो. डॉक्टरांना मी तेव्हा नाही म्हणाले. खरं काय ते आज लिहिते आहे.