चाचांचा काढा

हातात काहीही आलं, की चाचा आधी त्याचे दोन भाग करायचे. खुबूसची रोटी असो, सफरचंद असो, नाहीतर पेल्यातला कोरा सुलेमानी चहा. एक भाग समोरच्यापुढे सरकवून म्हणायचे, "हे तुझं. खलास." नको म्हटलं तर ऐकूच न आल्यासारखा चेहरा करायचे. आखातात राहिलेल्या तुमच्यापैकी कुणाच्याही आठवणीत असा एखादा माणूस असेल. माझ्या वाट्याला हा आला.

ते दापोलीकडचे. दुबईत देरा भागातल्या धक्क्यावर लाकडी गलबतांत माल चढायचा, त्यावर आमच्या कंपनीतर्फे देखरेख करायचे. मी त्याच कंपनीत कारकून, चिपळूणजवळच्या खेड्यातून आलेला. एका खोलीत आम्ही चौघे राहायचो. नव्वदनंतरची ती वर्षं.

चाचांच्या छातीत कळ यायची. इस्पितळाच्या गोळ्या चालू होत्याच. मग कुणीतरी त्यांना जवळच्या गल्लीतल्या एका चिनी बाईकडे नेलं. तिने मनगटावर बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि लाल मुळांच्या चकत्या, वाळकी फुलं असं काहीबाही कागदात बांधून दिलं. चाचा ते रोज पातेल्यात उकळायचे. खोलीभर ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा वास.

"चाचा, आज कुणाची चप्पल शिजवताय?" पलंगावरून कुणीतरी विचारायचं.

"तुझीच. म्हणून तर एवढी कडू," असं म्हणून ते डोळे मिटून पेला रिकामा करायचे.

हळूहळू जिना चढताना त्यांना मध्ये थांबावं लागेना. गोळ्यांनी की मुळांनी, कोण सांगणार? ते स्वतः श्रेय मुळांना द्यायचे.

त्याच सुमारास घरून निरोप आला. विहिरीवरून घराची चढण चढताना आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, छातीत दुखत होतं, मध्येच बसावं लागत होतं. डॉक्टरांनी हृदयाचा आजार सांगितला होता. मी हे चाचांपाशी बोललो. पुढच्या शुक्रवारी त्यांनी माझ्या हातात एक पुडकं ठेवलं. रजेवर गावी निघालेल्याच्या बॅगेत बाकीच्यांनी आपापली पार्सलं कोंबायची, ही आमची रीत. तसंच तेही चिपळूणला पोचलं. मी पैसे विचारले, तर म्हणाले, "बाई ओळखीची आहे. एकावर एक फुकट देते. आणि तुझा बापूस तो माझा भाऊच की रे."

मग कुणीही गावी निघालं की पुडकं जायचं. आप्पा गावातल्या बूथवरून फोन करून सांगायचे, आता न बसता चढण चढतो. हे ऐकून चाचा लहान मुलासारखे खूश व्हायचे. ते स्वतः पुन्हा जिन्यात थांबू लागले होते. मला दिसत होतं. "वय झालं," म्हणायचे. मी मान डोलवायचो.

एका उन्हाळ्यात ते धक्क्यावर कोसळले. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दफन तिथेच झालं.

नंतर मी त्या बाईच्या दुकानात गेलो. चाचांचं औषध द्या म्हटलं, नेहमीसारखं दोघांचं. तिने मान हलवली.

"दो आदमी का नहीं. एक आदमी का. वो बोलता, इसका दो पुडी बनाओ. मैं बोली, आधा खाएगा तो काम नहीं करेगा. वो हँसता."

फुकट तिने कुणालाच काही दिलं नव्हतं.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. हृदयरोगावरच्या अशा मुळांबद्दल कुठे लेख दिसला, की मी आधी त्याचा शेवट वाचतो. काहींना उपयोग होत असावा, पण पुरावा अपुरा आहे, असं काहीसं असतं. त्या 'अपुरा'वर मी श्वास सोडतो. मुळांत काहीच गुण नसेल, तर मी चाचांचं काही घेतलं नाही. आणि असेल, तर आप्पांची ती सगळी वर्षं कुणाची होती?

चाचा गेल्यावर काही वर्षांनी, दोन हजारनंतर, मी अमिरातीतल्याच अल ऐनला नोकरी धरली आणि आप्पांना बोलावून घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून वयाच्या मानाने हृदय चांगलं असल्याचं सांगितलं. आप्पांनी अभिमानाने मुळांची गोष्ट काढली. डॉक्टर म्हणाले, मदत झालीही असेल, नसेलही. पण रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर असलं काही न विचारता घेऊ नका.

बाहेर पडताच आप्पांनी हट्ट धरला, त्या चाचांना भेटायचंच. त्यांच्यासाठी गावाहून आमसुलं आणली होती. औषध आता मिळत नाही, एवढंच मी त्यांना कळवलं होतं. चाचा गेल्याचं मी गाडीत सांगितलं.

"कशाने?"

"हृदयाने."

आप्पांनी आमसुलांची पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाले, "औषध तर एकच होतं. मला लागू पडलं, त्याला कसं नाही पडलं रे?"

"माणसामाणसांत फरक असतो, आप्पा," मी म्हणालो.

ते त्यांना पटलं. मान हलवून ते बाहेरच्या वाळूकडे बघत राहिले. शेजारी त्यांचा श्वास अगदी संथ चालला होता.