बिनपाण्याची बेटं

माझी थोरली बहीण ओमानला आली ती मला भेटायला नव्हे, नवऱ्याला घरी न्यायला.

भावोजी सोहारच्या बंदरात टगबोटीवर खलाशी होते. एका हिवाळ्यात समुद्र खवळलेला असताना ते बोटीवरून पडले. हेलिकॉप्टर फिरलं, बोटी फिरल्या, हाती काही लागलं नाही. मी तिथून जवळच, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात क्रेन दुरुस्त करतो. तो सगळा आठवडा मी ड्यूटी संपली की बंदरावर जाऊन उभा राहायचो. आठवड्यानंतर जायचा थांबलो, कारण पाण्यात माणूस किती टिकतो हे मला कुणी सांगायला नको होतं.

गावी मात्र ताईने देवळात कौल लावला. आमच्याकडे गुरव मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. नवरा जिवंत आहे का? उजवा. पाण्यात आहे का? डावा. जमिनीवर आहे का? उजवा. आता समुद्रात पडलेला माणूस जमिनीवर असेल, तर तो बेटावर नाहीतर कुठे असणार? झालं. दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकून घेऊ म्हणणाऱ्या दिराला तिने उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि बायकांची कुजबुज. मी फोनवर भांडून थकलो.

"देवान कौल दिल्यान हा. तू कोण नाय म्हणणारो?"

शेवटी चिडून मीच म्हटलं, ये, तुझ्या डोळ्यांनी बघ. तिची ती आशा मला एकदाची मोडून टाकायची होती. दाराकडे डोळे लावून बसलेली बाई माझ्या देखत म्हातारी व्हायला निघाली होती.

आमच्या किनाऱ्याची बेटं म्हणजे दिमानियात नावाची, आणि तिथे जायचं तर पर्यटकांच्या बोटीनेच. त्यामुळे एका शुक्रवारी सकाळी बरकाच्या किनाऱ्यावर आम्ही जत्रेत सापडल्यासारखे उभे होतो. फिलिपिनो नर्सांचा एक घोळका स्पीकर घेऊन आलेला, एक मल्याळी कुटुंब सारख्या टोप्या घालून, आणि एक नवं जोडपं, ज्यांना समुद्रापेक्षा स्वतःचे फोटो जास्त बघायचे होते. त्यांच्यात साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट चढवलेली माझी ताई. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. पहाटे उठून तिने माझ्या स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या आणि गावाहून आणलेल्या सुक्या बांगड्याची किसमूर. मी एक तुकडा मोडायला गेलो तर हातावर चापट बसली.

"तुका नाय तो."

आमचा कॅप्टन पिकल्या दाढीचा ओमानी, हिंदी आमच्या फोरमनपेक्षा बरी. "यल्ला, यल्ला! कछुआ दिखेगा, डॉल्फिन दिखेगा!" आणि डॉल्फिन खरंच आले. सगळी बोट एका बाजूला झुकून किंचाळत होती. ताई एकटी दुसऱ्या बाजूला बसून दूरच्या खडकांवर डोळे फिरवत होती. मला तिचा राग आला, आणि लगेच स्वतःचाही.

पहिल्या बेटावर ती वाळूच्या कडेकडेने चालत गेली. प्रत्येक कपारीत वाकून पाहिलं. नव्या जोडप्याने तिला फोटोतून जरा बाजूला व्हायला सांगितलं, ती झाली. दुसऱ्या बेटावर नुसते पक्षी आणि काटेरी झुडपं. तिथे तिने हाक मारली. नवऱ्याचं नाव तिने जन्मात कधी घेतलं नव्हतं, तिथेही घेतलं नाही.

"अवो! आयकलास?"

एक नर्स हसत माझ्याकडे आली. तुमची बहीण तुम्हाला बोलावतेय, म्हणाली. मी मान डोलावली.

प्रत्येक बेट सोडताना कॅप्टन ओरडायचा, "कोई बाकी है?" दोन्ही वेळा ताई बोटीत चढता चढता मागे वळून बघत राहिली.

तिसऱ्या बेटावर बिर्याणीचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या वाटल्या. ताईने बाटली हातात धरली आणि मला विचारलं, "हय पिवचा पाणी खय गावता?"

मी कॅप्टनला विचारलं. तो हसला. "इधर? मीठा पानी? किसी टापू पर नहीं है. साथ लाया तो पिएगा."

"वायच पण नाय?" ताईने मला विचारलं.

"नाय."

तिने चारी बाजूंना पाहिलं. नजर टाकावी तिथे वाळू, खडक, ऊन. सावलीला म्हणून एक झाड नव्हतं. आयुष्यभर विहिरीतून पाणी शेंदलेल्या बाईला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. ती उठली, साडीची वाळू झटकली आणि सगळ्यांच्या आधी बोटीत जाऊन बसली.

"कोई बाकी है?" कॅप्टन ओरडला. नर्सा हसत एकमेकींना मोजू लागल्या. ताईने वर पाहिलं नाही. ती मांडीवरच्या फडक्याची गाठ सोडत होती.

बोट निघाली, स्पीकर पुन्हा सुरू झाला. तिने भाकरी मोडली, तिच्यावर किसमूर घातली आणि हात माझ्यापुढे केला.

"घे, खा. नायतर नासतला."

ह्याचसाठी मी तिला आणलं होतं. पण तो तुकडा भावोजींचा होता. हिच्या आशेला मी वेडेपणा म्हणत आलो, आणि भावोजी इतके दिवस तेवढ्यावरच जिवंत होते, माझ्यासाठीसुद्धा. मी सुचेल ते बोलू लागलो.

"ताई, बेटां काय इतकीच नाय. सलालाच्या बाजूक आजून आसत. मोठी. थय पाणी आसा. माड आसत ताई, आपल्यासारके माड."

माड पार दक्षिणेतल्या सलाला शहराच्या बागांमध्ये आहेत. तिकडच्या बेटांबद्दल मला काडीची माहिती नव्हती.

तिने सगळं ऐकून घेतलं. "खा," म्हणाली, आणि दुसरा तुकडा मोडला.