आमचाच निळा कशावरून?

मास्तरांनी उभं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे पुरावा दाखवला की माणसाला पटतं, असा त्यांचा भाबडा समज होता. निवृत्तीनंतरही तो शाबूत राहिला, कारण तोवर सोसायटीच्या मीटिंगशी त्यांचा संबंध आला नव्हता.

मग त्यांच्या स्वयंपाकघराचं छत गळू लागलं. बरोबर वर चेअरमनसाहेबांचं बाथरूम. पण साहेबांनी मीटिंगमध्ये निदान केलं, की अंगणातल्या झाडाची मुळं भिंतीत शिरून पाणी वर ओढतात, झाड तोडा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनी नम्रपणे विचारलं, की तळमजला कोरडा ठेवून मुळं थेट आमच्या छताला कशी पोचली? त्यावर कमिटीतले वकील म्हणाले, निसर्गाचं काही सांगता येत नाही.

मास्तर हट्टाला पेटले. त्यांनी फोटो काढले, आकृत्या काढल्या, आणि शेवटी साहेबांच्याच परवानगीने त्यांच्या बाथरूममध्ये निळा रंग ओतला. संध्याकाळी ओट्यावर निळे थेंब टपकू लागले. मास्तरांना आनंदाने जेवण सुचेना. त्यांनी अख्खी कमिटी ओट्यापाशी आणून उभी केली.

कमिटीने वर पाहिलं, खाली पाहिलं.

"निळं आहे खरं," साहेब म्हणाले, "पण हा आमचाच निळा कशावरून?"

वकिलांना मुद्दा विचार करण्याजोगा वाटला. सोमवारी झाड तोडायचं ठरलं.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. इतके दिवस गळतीखाली पातेली सरकवणारी त्यांची बायको तेव्हा पहिल्यांदा बोलली. "तुम्ही त्यांना चारचौघांत खोटं पाडताय. मग ते कबूल कसं करतील?"

दुसऱ्या दिवशी ती वर गेली. म्हणाली, "साहेब, तुम्ही पहिल्याच मीटिंगला म्हणाला होतात, की एकदा पाइपही बघून घ्या. कुणी मनावरच घेतलं नाही."

साहेब असं काहीएक म्हणाले नव्हते. पण थोडा विचार केल्यावर त्यांना ते लख्ख आठवलं.

"म्हटलं होतं," ते दुखावल्या स्वरात म्हणाले, "पण माझं ऐकतो कोण?"

सोमवारी झाड तोडणाऱ्याऐवजी प्लंबर आला. फरशीखालचा पाइप फुटलेला निघाला. गळती थांबली, झाड वाचलं. पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांच्या दूरदृष्टीबद्दल अभिनंदनाचा ठराव वकिलांनी मांडला. मास्तर काहीतरी बोलायला उठले, बायकोचा चेहरा पाहिला आणि टाळ्या वाजवून खाली बसले.

घरी येताना ते एवढंच म्हणाले, "तो असं कधीच म्हणाला नव्हता."

"नव्हताच," बायको म्हणाली. "पण कुणी विचारलं, तर तुम्हीही ऐकलं होतंत."