डोळ्याजवळचा बेदाणा
मंडईतल्या सुक्या मेव्याच्या दुकानावरून जाताना बेदाण्यांचा आंबूस वास आला, की मला वाघोलीच्या एका शाळेतली फिनेलने पुसलेली केबिन आठवते. आमच्या पाच वर्षांच्या मुलीला ऑटिझम होता. समोरच्याच्या डोळ्यांत बघायला शिकवताना थेरपीच्या बाई स्वतःच्या डोळ्याजवळ बेदाणा धरायच्या. तिने वर बघितलं की तो तिच्या तोंडात घालायच्या. घरी मीही रोज तेच करायचे. प्रवेशाच्या मुलाखतीसाठी ह्यांनी सॉफ्टवेअर कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. मुख्याध्यापिकांनी नाव विचारलं आणि मुलीने मान उचलून थेट त्यांच्या डोळ्यांत बघितलं. मी ह्यांचा हात दाबला. मग तिने तोंड उघडलं आणि पाखराच्या पिलासारखी तशीच बसून राहिली. मुख्याध्यापिका कोरडेपणाने म्हणाल्या, "अहो, घरून खायला घालून आणायचं. आमच्या शिक्षिकांना वर्गात भरवत बसता येणार नाही." प्रवेशाचा विषय तिथेच संपला. मुलगी आता मोठी झाली आहे आणि घरात बेदाणे मी ठेवत नाही. तरी कधी संध्याकाळी ती माझ्या डोळ्यांत बघत राहते, आणि मी आधी तिच्या ओठांकडे बघते.