सावली न पाडणारा दिवा

सप्टेंबरचा शेवटचा रविवार. रक्कम अठराशे पन्नास रुपये. कुपवाडच्या दुकानात हजर तिघे: मी, माझी थोरली वहिनी आणि दुकानदार. पैसे वहिनीने दिले, पावती मी ठेवली.

वहिनी घरच्या पडवीत द्राक्षाच्या काड्या तपासून देते. छाटणीआधी आसपासचे बागायतदार काड्या घेऊन येतात. काडीवरचा एकेक डोळा, जिथून नवी फूट येते तो, ती ब्लेडने कापते आणि मायक्रोस्कोपखाली धरते. आत मोहरीहून बारीक घड तयार झालेला असतो, नाहीतर नुसती बाळी, म्हणजे वेल ज्याने तारेला धरतो तो ताणा. घड ज्या डोळ्यात असेल तिथवर काडी राखायची, वरची कापायची. त्या डोळ्याच्या खालीच कात्री लागली तर घड कापलेल्या काडीबरोबर जातो आणि बागेचं वर्ष वाया जातं.

इतकी वर्षं ती टेबलावरचा मान वाकवायचा पिवळा दिवा बाजूला ठेवून काम करायची. तो तापायचा आणि कापलेला डोळा बघता बघता सुकायचा. म्हणून तिला थंड दिवा हवा होता. दुकानदाराने भिंगाभोवती बसणारा गोल एलईडी काढला. याची सावली पडतच नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आम्ही त्याखाली दहाची नोट धरून बघितली. रेघ न् रेघ दिसली. नोट सपाट असते, डोळा नसतो, हे तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मंगळवारी तिने चौघांच्या काड्या बघून दिल्या, बुधवारी आमच्या. आमचा घड चौथ्या डोळ्यात निघाला. दरवर्षी तो सहाव्या-सातव्यात असतो. मी तसं म्हणालो. वहिनीने गोल दिवा बंद केला, जुना पिवळा बाजूने लावला आणि तोच डोळा पुन्हा बघितला.

"भावजी, ही बाळी आहे. सगळीकडून उजेड आला की खाचखळगे बुजतात. सगळं घडासारखं भरलेलं दिसतं."

तिने लगेच फोन लावले. तिघांची छाटणी व्हायची होती. चौथे लष्करातून निवृत्त झालेले, शेजारच्या गावचे. त्यांच्या बागेत छाटणीच्या मजुरांची टोळी सकाळीच शिरली होती. आम्ही गाडीवरून पोचलो तेव्हा निम्मी बाग कापून झाली होती. वहिनीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ते बांधावर बसून ऐकत होते.

"आता काडी परत चिकटिवता येती व्हय, ताई?"

वहिनीने पायाशी पडलेली काडी उचलली.

"मग ऱ्हायल्याली निम्मी तरी त्या जुन्या दिव्यानं बघा."

तिने बघितली. घड सातव्यात होता, आणि कापलेली निम्मी बाग त्याच्या खालीच छाटली गेली होती.

गोल दिव्याच्या पाऊण भागावर तिने नंतर काळी पट्टी चिकटवली. आता उजेड एका बाजूनेच येतो, आणि डोळाही सुकत नाही. पण पंधरा-वीस दिवसांनी त्या फौजींची आधी कापलेली निम्मी बाग फुटली, ती बहुतेक बाळ्यांनीच. ते एकदाही भांडायला आले नाहीत. आले असते तर बरं झालं असतं, असं वहिनी जेवताना म्हणाली.

तपासणीचे चारशे त्यांनी परत घेतले. नुकसानभरपाईचं नाव काढू दिलं नाही. टोळीचा हिशेब व्हायचा होता. त्या निम्म्या बागेच्या छाटणीची मजुरी, बत्तीसशे रुपये, वहिनीने परस्पर टोळीच्या मुकादमाला दिली.